दिल्लीला पूर्ण राज्य द्यायचं, तर आपण काय घोडं मारलं?

पांदणवाला

राम राम मंडळी,

दिवाळीत भाचा दिल्लीहून आला होता. शिकते जेएनयूत, खोली करून राहते मुनीरकात. (लिहिताना माझं वऱ्हाडी मधूनमधून डोकावतं, सांभाळून घ्या.) मुनीरका आता शहरात गेलं, पण मूळचं गावच. आपल्याकडे गावठाण असतं तशी तिकडे 'लाल डोरा' नावाची हद्द असते, इंग्रजांनी १९०८ मध्ये आखलेली. तर याच्या गल्लीतली नाली तुंबली. एक खातं म्हणालं नाली आमची नाही. दुसरं म्हणालं नाली आमची, पण वरचा रस्ता त्यांचा. तिसऱ्यानं फोनच उचलला नाही. घरमालक आमदाराकडे गेला, तर आमदार म्हणाला, अधिकारी माझं ऐकत नाहीत.

भाचा पारावर हे हसत हसत सांगत होता. म्हणाला, "मामा, म्हणूनच दिल्लीला पूर्ण राज्य पाहिजे." बाजूला आमचे थोरले काका बसले होते, वय ८१. पानाला चुना लावता लावता म्हणाले, "दिल्लीले राज्य पाहिजे, तं आपण काय घोडं मारलं?"

काकांचं म्हणणं उगाच नाही. 'आपण' म्हणजे विदर्भ. ते बारा वर्षांचे असेपर्यंत नागपूर राजधानी होती, जुन्या मध्य प्रदेशाची. १ नोव्हेंबर १९५६ ला ती गेली. आणि गंमत बघा, त्याच दिवशी दिल्लीची विधानसभाही गेली! दिल्लीत १९५२ पासून ४८ आमदारांची विधानसभा होती, चौधरी ब्रह्म प्रकाश पहिले मुख्यमंत्री. फाजल अली, कुंझरू आणि पणिक्कर या तिघांच्या राज्य पुनर्रचना आयोगानं १९५५ च्या अहवालात दिल्लीबद्दल लिहिलं की एका राजधानीवर दोन सरकारं नकोत, कारभार बिघडतो. आणि त्याच अहवालात विदर्भाचं वेगळं राज्य करा असंही लिहिलं. सोळा राज्यं सुचवली होती, त्यातलं एक विदर्भ.

म्हणजे एकाच कागदात एकाला 'नको' आणि दुसऱ्याला 'द्या'. ज्याला नको म्हटलं त्याला १९९३ मध्ये पुन्हा विधानसभा मिळाली, ७० आमदारांची. ज्याला द्या म्हटलं तो अजून बसला आहे. काकांना हे सांगितलं, तर ते पिंक टाकून म्हणाले, "मंग तुले आज समजलं का?"

आता माझं मत. मी पाच वर्षं सरपंच होतो, त्यामुळे मला हा वाद फार आतून कळतो. ग्रामपंचायतीच्या चेकवर दोन सह्या लागतात, एक सरपंचाची, एक ग्रामसेवकाची. एका उन्हाळ्यात नळयोजनेची मोटर जळली. रिवायंडिंगचा चेक लिहून तयार, माझी सही झालेली, शिक्का मारलेला. ग्रामसेवकाकडे तीन गावांचा चार्ज. तो मंगळवारी यायचा, त्या मंगळवारी तालुक्याला मीटिंग निघाली. पुढच्या मंगळवारी रजा. अकरा दिवस गावाला पाणी नाही. बाया हंडे घेऊन माझ्या दारात उभ्या, त्याच्या दारात कोणी गेलं नाही. कारण त्याचं दार गावात नव्हतंच. शेवटी खिशातले पैसे घालून मोटर भरून आणली.

मी त्याची बदली करू शकत नव्हतो. त्याचा पगार माझ्या हातात नाही, गोपनीय अहवाल माझ्या हातात नाही. त्याचा साहेब पंचायत समितीत. मग त्यानं माझं का ऐकावं? दिल्लीच्या मुख्यमंत्र्याचं दुखणं नेमकं हेच आहे. पूर्ण राज्य, अर्धं राज्य हे शब्द भाषणापुरते ठीक. मला विचाराल तर अधिकाऱ्याची बदली कोण करतो एवढंच बघा, सरकार कोणाचं ते तिथंच कळतं.

तुम्हाला काय वाटतं? दिल्लीला द्यावं का? आणि द्यावं तर आपल्याला का नाही?

---

वऱ्हाडी ठेचा

भाऊ, लिहिलं झकास. पन दिल्लीवाल्याईचा मले काही कळवळा येत नाही. थ्या लोकाईले २०१९ पासून २०० युनिटलोक बिलच नाही. अन् इकडं मी रातच्याले बारा वाजता बॅटरी घेऊन वावरात जातो, कावून की कृषिपंपाची लाईन तवाच येते. रानडुकरं बाजूनं पयतात. काल हरभऱ्याले पानी देता देता पायाखालून साप गेला.

आधी आमाले दिवसाची लाईन द्या, मंग दिल्लीले काय द्याचं थे द्या. कापसाले भाव नाही, सोयाबीन व्यापारी मॉइश्चरच्या नावानं कापते, अन् इथं दिल्लीच्या नालीची चर्चा करून राहिले.

---

निळी शाई

तालुका कोर्टात वकिली करतो म्हणून थोडं कायद्याचं.

पांदणवाले भाऊ, तुमचा ग्रामसेवक राज्यघटनेच्या, खास दिल्लीसाठीच्या, कलम २३९ अअ मध्ये बरोबर बसतो. १९९१ च्या ६९ व्या घटनादुरुस्तीनं ते कलम आलं. विधानसभा दिली, मंत्रिमंडळ दिलं (आमदारांच्या दहा टक्के, म्हणजे सातच मंत्री), पण राज्यसूचीतल्या तीन गोष्टी काढून घेतल्या: सार्वजनिक सुव्यवस्था, पोलीस आणि जमीन. दिल्लीत शाळा बांधायचा अधिकार मुख्यमंत्र्याला आहे, पण शाळेखालची जमीन केंद्राच्या ताब्यात आणि शाळेबाहेर उभा राहणारा शिपाई गृहमंत्रालयाचा.

बदल्यांवरच तर खरं रामायण झालं. २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं की त्या तीन विषयांपलीकडे नायब राज्यपालांनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालावं. २०२१ मध्ये संसदेनं कायदा बदलून लिहिलं की दिल्लीच्या विधानसभेनं केलेल्या कायद्यात 'सरकार' म्हणजे नायब राज्यपाल. मग ११ मे २०२३ ला सर्वोच्च न्यायालयानं अधिकाऱ्यांच्या सेवा निवडून आलेल्या सरकारकडे दिल्या. आठ दिवसांत, १९ मे ला, अध्यादेश निघाला आणि ऑगस्टमध्ये त्याचा कायदा झाला.

त्या कायद्यात काय आहे ते माजी सरपंचांनी मुद्दाम वाचावं. बदल्यांसाठी तिघांचं प्राधिकरण: मुख्यमंत्री, मुख्य सचिव आणि गृह खात्याचे प्रधान सचिव. निर्णय बहुमतानं. दोन अधिकारी एकीकडे झाले की मुख्यमंत्री अल्पमतात. वरून मतभेद झाला तर शेवटचा शब्द नायब राज्यपालांचा. आपल्या भाषेत सांगायचं तर सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांची समिती करायची, आणि ग्रामसेवकाची बदली करायची का यावर मतदान घ्यायचं.

---

पांदणवाला

@निळी शाई, तलाठ्याचं वाचून एकटाच हसत बसलो. बायको विचारते काय झालं. तिला सांगितलं तर म्हणाली, तुमचं सरपंचपद अजून उतरलं नाही वाटते.

---

अलिबागी

विदर्भातल्या मित्रांची माफी मागून, दुसरी बाजू.

चेकवर दोन सह्या असतात त्या चोरी थांबवायला. सगळे सरपंच पांदणवाल्यांसारखे नसतात. एकाच सहीवर पैसे निघाले असते तर किती गावांच्या मोटरी कागदावरच जळल्या असत्या?

राजधानीचंही तसंच. राष्ट्रपती भवन, संसद, परदेशी वकिलाती, सर्वोच्च न्यायालय सगळं तिथं. उद्या दिल्लीचा मुख्यमंत्री एका पक्षाचा, पंतप्रधान दुसऱ्या पक्षाचा, आणि पोलीस मुख्यमंत्र्याचे. संसदेला घेराव पडला तर कोणाच्या आदेशाची वाट बघायची? शिवाय दिल्ली पोलिसांचा खर्च आज केंद्र करतं. राज्य झालं की तो बोजा दिल्लीवर. मागणारे हे सांगत नाहीत.

विदर्भाबद्दल बोलत नाही. बोललो तर धागा पेटेल. हुतात्मा चौकातून रोज जातो, एवढंच.

---

वऱ्हाडी ठेचा

@अलिबागी, पेटू द्या ना बावा. थंडी वाजून राहिली.

---

पोटोमॅकचा पाव्हना

मूळ दारव्ह्याचा, आता मेरीलँडमध्ये. कामाला रोज वॉशिंग्टनमध्ये जातो, राहतो हद्दीच्या अलीकडे. त्यामुळे मला दोन सिनेटर (वरच्या सभागृहातले खासदार) आहेत आणि माझ्या बाजूच्या टेबलावर बसणाऱ्याला एकही नाही. दोघांचा पगार सारखा, दोघंही केंद्राचा कर भरतो.

अलिबागींनी घेरावाचं लिहिलं, तर त्यावरून सांगतो. अमेरिकेची वेगळी राजधानी त्याच भीतीतून आली. १७८३ मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात काँग्रेसला, म्हणजे इथल्या संसदेला, वेढा घातला. पेनसिल्व्हेनिया राज्यानं सैनिक द्यायला नकार दिला आणि काँग्रेसला गाव सोडून प्रिन्स्टनला जावं लागलं. पुढे राज्यघटनेत लिहिलं गेलं की राजधानीचा तुकडा जास्तीत जास्त दहा मैल बाय दहा मैल, आणि त्यावर पूर्ण हुकूम काँग्रेसचा. मेरीलँड आणि व्हर्जिनियानं जमीन दिली. व्हर्जिनियानं आपला भाग १८४६ च्या ठरावानं परत घेतला, मेरीलँडचा राहिला. (म्हणजे जमीन परत मिळू शकते. आपल्याकडे रस्त्यात गेलेली कधी मिळाली का?)

तो तुकडा रिकामा असेल असं तेव्हा धरलं असावं. २०२० च्या जनगणनेत तिथं ६ लाख ८९ हजार लोक होते. वायोमिंग आणि व्हर्मांट या राज्यांपेक्षा जास्त, आणि त्या दोघांना प्रत्येकी दोन सिनेटर. वॉशिंग्टनला शून्य. खालच्या सभागृहात एक प्रतिनिधी आहे, ती बोलू शकते, पण विधेयकाच्या अंतिम मतदानात तिचं मत धरत नाहीत. राष्ट्राध्यक्षासाठी मत द्यायचा हक्क १९६१ च्या घटनादुरुस्तीनं मिळाला, तोही राज्यवार मोजल्या जाणाऱ्या मतांतली तीन मतं. महापौर आणि नगर परिषद १९७३ च्या कायद्यानंतर. पण परिषदेनं केलेला कायदा आजही काँग्रेस रद्द करू शकते.

इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर खाली एक ओळ छापलेली असते: 'प्रतिनिधित्वाशिवाय कर'. इंग्रजांविरुद्धची जुनी घोषणा, २००० सालापासून प्लेटवर. नंतर आधी 'संपवा' हा शब्द जोडला. पहिल्यांदा सिग्नलला समोरच्या गाडीवर ती वाचली तेव्हा वाटलं, ही तर आपल्याकडे ट्रकच्या मागे लिहितात तशी तक्रार, पण सरकारी!

२०१६ मध्ये तिथं सार्वमत झालं, सुमारे ८६ टक्के लोक राज्याच्या बाजूनं. खालच्या सभागृहानं २०२० मध्ये २३२ विरुद्ध १८० आणि २०२१ मध्ये २१६ विरुद्ध २०८ मतांनी विधेयक मंजूर केलं. सिनेटमध्ये ते मतदानालाच आलं नाही. कारण सोपं आहे. हे शहर नव्वद टक्क्यांवर डेमोक्रॅट. राज्य केलं की त्यांचे दोन सिनेटर वाढणार, ते रिपब्लिकन कशाला होऊ देतील?

एक गमतीचा घोळही आहे. त्या विधेयकात व्हाइट हाऊस, संसद आणि मधलं मैदान एवढाच तुकडा राजधानी म्हणून ठेवायचा होता, बाकी राज्य. पण १९६१ ची दुरुस्ती तशीच राहिली, तर ती तीन मतं त्या तुकड्यात राहणाऱ्यांची. तिथं राहतं कोण? राष्ट्राध्यक्ष आणि त्याच्या घरचे!

दिल्लीकरांनी एक लक्षात घ्यावं. त्यांना लोकसभेत सात आणि राज्यसभेत तीन खासदार आहेत. इथल्यांना तेवढंही नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी १९७३ च्याच कायद्यातलं एक कलम वापरून शहराचे पोलीस महिनाभर आपल्या हाताखाली घेतले, नॅशनल गार्ड (राखीव सैनिक) रस्त्यावर आणले. राज्यात गार्ड राज्यपालाच्या हाताखाली असतात. वॉशिंग्टनला राज्यपालच नाही, म्हणून ते थेट राष्ट्राध्यक्षांच्या. मी त्या आठवड्यात डबा खायला बाकावर बसलो, तर समोर बंदूकधारी पोरं झाडाखालचा पाला गोळा करत होती.

---

शकुंतला

पाव्हने, दारव्ह्याचे म्हणजे आमच्या लाइनीवरचे. नाव त्या लाइनीवरच्या 'शकुंतला' रेल्वेवरूनच घेतलं आहे मी.

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. आमच्या गावी महिला राखीव सरपंच आहे. मीटिंगला ती येते, खुर्चीवर बसते, सही करते. बोलतो नवरा. बीडीओ साहेब गावात आले की आधी त्यालाच नमस्कार घालतात. मागे शाळेच्या संडासाचा ठराव घेऊन मी तिच्याकडे गेले. तिनं वाचला, चांगले प्रश्न विचारले, दोन ओळी दुरुस्त करायला लावल्या. मग म्हणाली, "मॅडम, तुमी हे यायलेच सांगा."

वकील साहेबांचं वाचून मला पहिलं हेच सुचलं, की नायब राज्यपाल म्हणजे दिल्लीचे सरपंचपती.

पण म्हणून पूर्ण राज्य दिलं की संपलं असंही नाही. आमच्या सरपंचबाईला कायद्यानं सगळे अधिकार पूर्ण आहेत हो. कागदावर काही कमी नाही.

---

निळी शाई

@शकुंतला, 'सरपंचपती' उद्या बार रूममध्ये वापरणार. हक्क तुमचा.

@अलिबागी, खर्चाचा मुद्दा रास्त आहे, पण एक पुरवणी. केंद्रीय करातला वाटा वित्त आयोग राज्यांना देतो, दिल्लीला त्यात धरत नाही. त्याऐवजी मिळणारी रक्कम वर्षानुवर्षं ३२५ कोटींवर अडकलेली होती. राज्य झालं तर पोलिसांचा बोजा येईल आणि हा वाटाही येईल. हिशेब दोन्ही बाजूंनी मांडावा.

आणि मधला मार्ग जगात आहे. बर्लिन राजधानी असून स्वतः राज्य आहे. मेक्सिको सिटी पूर्वी संघीय जिल्हा होती, २०१६ नंतर जवळपास राज्यासारखी झाली, स्वतःची राज्यघटना मिळाली. नवी दिल्ली नगरपालिकेचा तेवढा भाग केंद्राकडे ठेवून बाकी दिल्लीचं राज्य करा, असा मसुदा २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं काढला होता. त्याआधी ऑगस्ट २००३ मध्ये लालकृष्ण अडवाणी गृहमंत्री असताना दिल्ली राज्याचं विधेयक लोकसभेत मांडलंही गेलं. स्थायी समितीकडे गेलं आणि लोकसभेबरोबर संपलं.

---

वऱ्हाडी ठेचा

अडवाणी म्हटलं की मले भुवनेश्वर आठवते. १९९७ चा भाजपचा ठराव, वेगळ्या विदर्भाचा. थो बी अजून कुठल्या तरी समितीतच असन. २००० मध्ये छत्तीसगड झालं, झारखंड झालं, उत्तराखंड झालं. २०१४ ले तेलंगणा. आपल्या बाजूच्यानं पाट मांडून जेवण केलं, अन् आपण पत्रावळ धरून उभे.

अन् दिल्लीत पाहा, २०२५ च्या निवडणुकीत दोन्हीकडं एकच पक्ष आला, तं पूर्ण राज्याचा आवाज कुठं गेला? मागणारा विरोधात असला की राज्य पाहिजे, सत्तेत बसला की सबुरी. विदर्भासाठी लढनारे जांबुवंतराव धोटे असते तं एकेकाले उभं केलं असतं.

बाकी कापसाचा भाव काय चालू हाय म्हणे आज?

---

धागा संपादक

कापसाच्या भावाचा धागा वेगळा आहे, तिकडे लिहावं. सापाचं इथं राहू देतो.

---

दंडकारण्य

गडचिरोली जिल्ह्यातून लिहितो. रेंज येते जाते, थोडक्यात सांगतो.

तुम्ही सगळे नागपूरला 'आपलं' म्हणता. गडचिरोलीहून नागपूर पावणेदोनशे किलोमीटर, आणि आम्ही गडचिरोलीच्याही खाली. सिरोंचाकडचा माणूस दवाखान्यासाठी गोदावरी ओलांडून तेलंगणात जातो. विदर्भ राज्य झालं तर मंत्रालय नागपुरात येईल हे मान्य. पण आमच्याकडे येईल तो अधिकारी तेव्हाही शिक्षेची बदली म्हणूनच येईल. पांदणवाले म्हणतात बदली कोण करतो ते बघा. मी म्हणतो, बदली करून कुठं पाठवतात तेही बघा.

---

अलिबागी

@दंडकारण्य, हा मुद्दा मला पटला. अलिबाग समुद्रावरून मुंबईला दिसतं, तरी आमची कामं होत नाहीत.

आता विचारतोच. विदर्भाला महाराष्ट्रात घेताना केलेला नागपूर करार होता, १९५३ चा. दरवर्षी नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन होतं. कलम ३७१(२) खाली वैधानिक विकास मंडळ होतं. एवढं असताना राज्यच का?

---

पांदणवाला

दोन दिवस तूर आणि मुलीकडचं कार्य, म्हणून उशीर.

@अलिबागी, मंडळ १९९४ ला आलं आणि ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. अनुशेषाचा हिशेब दांडेकर समितीनं मांडला, नंतर केळकर समितीनं. मांडला, छापला, ठेवला. अधिवेशनाचं म्हणाल तर मी एकदा ते पाहायला गेलो होतो, सरपंच असताना, पांदण रस्त्याचं निवेदन घेऊन. संत्र्याचे दिवस, गुलाबी थंडी, रस्त्यावर मोर्चे आणि आत हुरडा पार्टीच्या गप्पा. निवेदनावर शिक्का मिळाला. रस्त्यावर मुरूम मात्र नंतर लोकवर्गणीतून पडला.

दोन सह्या चोरी थांबवतात हे तुमचं बरोबर. पण मग दुसऱ्या सहीलाही कोणीतरी जाब विचारायला पाहिजे. अकरा दिवस पाणी नव्हतं तेव्हा शिव्या एकट्या माझ्या सहीनं खाल्ल्या.

@दंडकारण्य, तुमच्यापुढे माझं उत्तर तोकडं पडतं, कबूल. बाबासाहेबांनी १९५५ मध्ये मराठी मुलखाचे चार भाग सुचवले होते, मुंबई शहर वेगळं धरून. देशाला दुसरी राजधानी असावी आणि ती हैदराबाद असावी, असंही त्यांनी लिहिलं. मोठं राज्य असेल तर राजधानीपासून लांबच्या माणसाचा आवाज पोचत नाही, हे त्यांना दिसत होतं. पण नागपूरपासून लांबच्याचं काय, ते आपल्यालाच ठरवायचं आहे. आम्हा वऱ्हाडातल्या लोकांनाही नागपूरची थोडी भीती आहेच, खोटं का बोलू. सगळं तिकडेच जाईल अशी.

दिल्लीचं माझं मत बदललं थोडं. पोलीस आणि वकिलातींचा भाग केंद्रानं ठेवावा. नाली, शाळा, दवाखाना आणि ते चालवणारा माणूस मात्र ज्याला मत दिलं त्याच्या हाताखाली असावा. भाच्याला हे फोनवर सांगितलं, तर म्हणतो, मामा, नाली अजून तुंबलेलीच आहे, आता घरमालकानं दोन पाट्या टाकून वरून रस्ता केला.

---

पोटोमॅकचा पाव्हना

पांदणवाले, एक राहिलं. त्या ग्रामसेवकाचं पुढं काय झालं?

---

पांदणवाला

बदली झाली. पंचायत समितीतून आदेश निघाला, मला कोणी कळवलं नाही. मंगळवारी आम्ही वाट पाहत बसलो, तेव्हा तो दुसऱ्या गावी रुजू होऊन चार दिवस झाले होते. दप्तराच्या कपाटाची किल्ली त्याच्या पँटच्या खिशातच गेली. मी मोटरसायकलनं बावीस किलोमीटर जाऊन ती परत आणली. चहा पाजला त्यानं. माणूस वाईट नव्हता.